लाइनीतली निळी चप्पल

ही गोष्ट खरी आहे. शपथ हवी असेल तर लीलाधरकडून घ्या.

लीलाधर आमच्या मामाचा मुलगा. एरवी उठल्यापासून थापा मारतो. पण ही गोष्ट सांगताना एक अक्षर वाढवत नाही.

साल १९८८. गाव धुळे. आणि रात्र वगैरे नाही... एप्रिलातली भर दुपार.

त्या दिवशी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे परीक्षेचे फॉर्म घेणं बंद होणार होतं. मामांनी बजावलं होतं, "यंदा परीक्षा हुकली तर शिक्षण बंद. गुरांमागे जायचं."

तरी हा शहाणा आदल्या रात्री जळगावात, पिंप्राळ्याला. झुंबरलाल नावाच्या मित्राच्या लग्नात नाचत होता. सकाळच्या एसटीने धुळ्याला यायचं, फॉर्म टाकायचा आणि संध्याकाळच्या वरातीला परत. असा बेत. विद्यापीठ जणू याच्या वडिलांचं!

कॉलेजच्या ऑफिसला खिडकी एकच. मागे लोटन नाना नावाचे कारकून. नाना जागेवर असले तर लाइट नसायची. लाइट आली तर शिक्का कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब पहूरला. याला म्हणे व्यवस्था.

पोरंही काही कमी नव्हती. उन्हात कोण उभं राहतंय? एकेक चप्पल लाइनीत ठेवायची आणि निंबाखाली गप्पा हाणायच्या.

लीलाधर पोचला तेव्हा चपलांची लाइन लागली होती. सगळ्यात पुढे निळ्या पट्ट्याची स्लिपर. धुळीने माखलेली. एकच... डाव्या पायाची.

त्याने ती लाथेने गटारीत उडवली. तिथे स्वतःचा बूट ठेवला.

निंबाखालून त्याच्याच वर्गातला वना धावत आला.

"हाई काय करं भो? ती सुकदेवनी शे!"

"कोण सुकदेव? दिसत तर नाही कुठे."

"तो मरी गया ना. मागला वरीसले, आठेच. लाईनमा."

मागच्या वर्षी सुकदेव इथेच, याच खिडकीशी पहिल्या नंबरवर उभा होता. शिक्का सापडेपर्यंत त्याला ऊन लागलं. तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. उचलून नेताना एक चप्पल मागे राहिली. तेव्हापासून ती कोणी हलवत नव्हतं. खिडकीशी जाताना जो तो हळूच म्हणायचा, "सुकदेव भाऊ, दिऊ का?" आणि मगच फॉर्म पुढे करायचा.

लीलाधर पोट धरून हसला.

"मेलेल्याला कसला नंबर? पास होऊन काय करायचंय त्याला?"

वना दोन पावलं मागे सरला.

खिडकी उघडली. लीलाधरने फॉर्म पुढे केला.

लोटन नानांनी मान वर केली... पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या जरा पुढे पाहिलं.

"थांब. आधी याचं होऊ दे."

"कोणाचं? पहिला मीच आहे."

"मग हा कोण उभा आहे? डोळे फुटले का रे तुझे?"



लीलाधर आणि खिडकी यांच्यामध्ये वीतभर जागा होती. मोकळी. त्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला... पाय उचलेना.

वनाने बाजूने हात घातला. "सुकदेव भाऊ, दिऊ का?" म्हणाला. त्याचा स्वतःचा फॉर्म घेतला गेला. शिक्काही बसला. मग मागच्याचा. मग त्याच्या मागच्याचा.

वनाने लीलाधरचाही फॉर्म देऊन पाहिला. नानांनी तो बाहेर ढकलला.

"सांगितलं ना... आधी याचं."

आणि मग लीलाधरला आवाज आला. पायाशीच.

फट्...

स्लिपर टाचेवर आपटते तसा.

फट्... मग काहीच नाही. फट्... मग काहीच नाही.

एक पाय चपलेचा. दुसरा अनवाणी.

लीलाधर गटारीकडे पळाला. वरातीसाठी इस्त्री केलेला शर्ट कोपरापर्यंत चिखलात घातला. सगळी गटार उपसली.

चप्पल नव्हती.

रडत परत आला. हात जोडले. मघाशी ज्या बोलण्याला हसला होता, तेच बोलला.

"सुकदेव भाऊ... दिऊ का?"

आवाज थांबला... अगदी त्याच्या पुढ्यात.

नानांनी खिडकी लावून घेतली.

वर्ष गेलं. वरातही गेली. वना पास होऊन मास्तर झाला आणि आमचे नाचरे राजे गुरांमागे.

पण ते तिथेच संपलं नाही. रॉकेल असो, बँक असो, एसटीचं तिकीट असो... पुढे कोणी नसलं तरी खिडकीतला माणूस लीलाधरला म्हणतो, "आधी याचं होऊ दे." म्हणून तो लाइनीत बायकोला पाठवतो. कमलबाईला यातलं काहीच माहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या भित्र्याने तिला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. कमलबाई मुलीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म द्यायला गेली होती. तणतणतच घरात आली.

"मेल्या कारकुनाला डोळे आहेत का? माझ्यापुढे चिटपाखरू नाही आणि म्हणतो, आधी याचं होऊ दे! आले हात हलवत परत."

लीलाधरचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. 

"आता तुम्हीच जा," कमलबाई म्हणाली. "उद्या शेवटची तारीख आहे."