मृतहारी

मेलेलं जनावर डोळ्यांनी पाहिलेलं मूल आता माणदेशात शोधून सापडलं नसतं. सकाळी बैल मेला तर दुपारी तिथं पांढरी भुकटी आणि काळे भुंगे, एवढंच उरायचं. लोकांना त्याचं आता नवलही वाटत नसे.

गिधाडं संपली तेव्हा मात्र लोकांचे हाल कुत्र्यानं खाल्ले नव्हते, कुत्र्यांनीच केले होते. जनावरं माळावर कुजायची, त्यांवर भटकी कुत्री पोसायची आणि ती चावून माणसं दगावायची. गिधाडाच्या पोटातलं आम्ल रोगजंतूंना जाळून टाकतं. ते काम दुसरं कुणी करेना. मग डॉ. शरयू बेडेकरांनी प्रयोगशाळेत हे भुंगे घडवले. नाव ठेवलं मृतहारी, म्हणजे मेलेलं नाहीसं करणारे. कुजण्याचा वास आला की ते थव्यानं येत, हाडांसकट सगळं फस्त करत आणि तिथंच मरून पडत. मागं उरलेली भुकटी गवताला खत. शरयूबाईंना त्यासाठी हारतुरे मिळाले, आणि ते त्यांना आवडलेही होते.

आज त्यांच्यासमोर हिराबाई मासाळ बसली होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन गेला; मेंढरं परतली, तो नाही. माळावर त्याचं घोंगडं सापडलं, तिथले मेलेले भुंगे तिनं डब्यात भरून आणले होते. भुंग्याच्या पोटात खाल्लेल्याचा अंश राहतो. तो नवऱ्याच्या मुंडाशातल्या केसांशी जुळला होता.

"मालकच हायती न्हवं?"

"हो, हिराबाई."

हिराबाईनं पदर तोंडाला लावला.

"पायाची जखम चिघळली हुती, अंगात ताप हुता. बाभळीखाली टेकलं आसतील. तिथनं गाडीवाटंपतूर भुकटीची रेघ हुती, बाई. वाऱ्यानं उडाली आसंल."

शरयूबाईंना ती रेघ समजली. वारा भुकटी पसरवतो, रेघ ओढत नाही. आणि मेलेला माणूस जागचा हलत नाही. चिघळलेली जखम माणूस जिवंत असतानाच कुजू लागते, तिचा वास तोच असतो. चाचण्यांत एका आजारी करडाचं असंच झालं होतं. त्यांनी तो अपवाद धरला होता. गिधाडाची भूक त्यांनी भुंग्यात उतरवली, त्याचं पचन उतरवलं. त्याचं वाट बघणं उतरवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"मामंजी सांगायचं," हिराबाई म्हणाली, "गिधाडं झाडावर बसून ऱ्हायची. जीव गेल्याबिगर चोच लावायची न्हाईत. ह्ये भुंगं बी तसंच न्हवं?"

"तसेच," शरयूबाई म्हणाल्या. "वाट बघतात."

हिराबाईचा चेहरा निवळला. ती उठली.

"लई बरं झालं. लोक काय बी बोलत्यात. सासूबाई मेंढरांच्या तळावर बाजंवर पडून हायती, पाठीला जखमा झाल्यात. जावंला राखणीला बसवलीया. आता तिला मेंढरामागं धाडते."

शरयूबाईंनी तिचा हात धरला. "हिराबाई, मी खोटं बोलले. म्हातारीला एकटं सोडू नका. आजच दवाखान्यात हलवा."

हिराबाईनं हात सोडवून घेतला नाही.

"म्हंजी मालक गाडीवाटंपतूर हाका मारीत आलं आसतील," ती म्हणाली.

शरयूबाईंनी हो म्हटलं.