थांबताना रुसणारा रांजण

शाल्मली परबचं पत्र आलं तेव्हा अच्युतराव पोंक्षे यांनी ते तीनदा वाचलं, नीट घडी घातली आणि शब्दकोशाखाली ठेवलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेव्हापासून बरेच ‘उद्या’ होऊन गेले होते.

अच्युतराव चांद्रवस्तीतले सगळ्यांत वयस्क शास्त्रज्ञ. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तरं द्यायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं, कारण पत्र लिहिताना समोर माणूस नसतो. समोर माणूस आला की त्यांना घाम फुटायचा. पत्रं टपालनळीतून (हवेच्या दाबाने पत्राची डबी घरोघरी पोचवणारी नळी) यायची आणि तिच्यातूनच जायची. शाल्मलीने लिहिलं होतं:

“प्रिय पोंक्षेआजोबा, माझे बाबा वस्तीची धुलाई सांभाळतात. आमच्या मोठ्या यंत्राला सगळे रांजण म्हणतात. तो अख्ख्या वस्तीचे ओले कपडे गरागरा फिरवून पिळतो. वेग घेताना कुरकुरत नाही. पण थांबायची वेळ आली की ‘विद्युतदाब जास्त’ म्हणून रुसतो. वेग घेणं कष्टाचं, थांबणं सोपं. मग सोप्या कामालाच तो का घाबरतो? तो सुधारला नाही तर पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जाणार. त्याच्याबरोबर बाबा आणि बाबांबरोबर मी. मला जायचं नाही.”

अच्युतरावांचं पहिलं उत्तर ‘बहुधा’ने सुरू झालं आणि तिथेच संपलं. दुसरं ‘माझी चूक होत असल्यास’पर्यंत पोचलं. तिसऱ्यात ‘प्रिय शाल्मली’ एवढंच होतं, आणि शाईचा मोठा डाग.

एका सकाळी दारावरची घंटी वाजली. दारात शाल्मली उभी होती. तिच्या अंगात बाबांचा सदरा होता, तो घोट्यापर्यंत आला होता.

“आजोबा, उत्तर लिहून झालं?”

“होत आलंय.”

“यान आलंय. उद्या परत निघणार.”

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी पुस्तकातला माणूस गं. यंत्राला कधी हात लावलेला नाही.”

“मग पुस्तक घेऊन चला. हात मी लावते.”

पुढे काही बोलायला जागाच उरली नाही. चंद्रावर माणसाचं वजन पृथ्वीवरच्या वजनाचा सहावा हिस्सा भरतं, त्यामुळे शाल्मली सशासारखी उड्या मारत पुढे गेली आणि अच्युतराव एक जाडजूड ग्रंथ छातीशी धरून तिच्यामागे तरंगत निघाले. धुलाईघराबाहेर आपल्या कपड्यांची वाट पाहणाऱ्यांची रांग होती. कुणी चादर गुंडाळलेली, कुणी रजई. वस्तीचे प्रमुख खिडकीचा पडदा गुंडाळून उभे होते आणि आपल्याला कुणी ओळखलेलं नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे पाहत होते.

ते पाहून अच्युतराव संकोचले आणि त्यांनी घाईघाईने दार गाठलं. पण त्यांना थांबता येईना. ते तसेच आत गेले आणि शाल्मलीच्या बाबांवर, दत्ताराम परबांवर, ग्रंथासकट आदळले. दोघेही कपड्यांच्या टोपलीत पडले.

“माफ करा,” टोपलीतून अच्युतराव म्हणाले.

“लागलं का काका?” बरगडी चोळत दत्ताराम म्हणाले. “इथं तुमचं वजन दहा किलो भरत नसेल. धडक मात्र म्हशीची आहे.”

रांजण खोलीच्या मधोमध उभा होता, एखाद्या टाकीएवढा. शेजारच्या कपाटात त्याचा वेगनियंत्रक (मोटर हवी तेवढ्या वेगाने फिरवणारं उपकरण) होता.

“पुरवठ्याच्या तारा मी दोनदा बदलल्या,” दत्ताराम म्हणाले. “वरून वीज जास्त येते म्हणावं, तर तेही नाही.”

“दाब केव्हा वाढतो?” अच्युतरावांनी ग्रंथाला विचारल्यासारखं विचारलं. “म्हणजे, पाहू या का? तुमची हरकत नसेल तर.”

रांजण उभा असताना दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. ओले कपडे भरून तो चालू केला, पुरत्या वेगात आला, तरी काटा हिरव्यातच. शाल्मलीने ‘थांब’चं बटण दाबलं मात्र, काटा सरसर चढत लालात गेला आणि कपाटातून नम्र आवाज आला, “विद्युतदाब जास्त. मी काम सोडत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

“आता तासभर हा असाच आपल्या नादात फिरणार,” दत्ताराम म्हणाले. “आणि थांबल्याशिवाय झाकण उघडत नाही. झटपट थांबवायला जावं तर ही तऱ्हा.”

अच्युतरावांचा घाम एकाएकी आटला. त्यांनी दत्तारामांच्या हत्यारांच्या पेटीतून एका मोडक्या खेळण्याची मोटर काढली आणि तिच्या तारांना इवलासा दिवा जोडला.

“फिरव.”

शाल्मलीने बोटांनी मोटर गरकन फिरवली. दिवा लुकलुकला.

“वीज दिली की मोटर फिरते. आणि मोटरलाच कुणी फिरवलं की ती वीज तयार करते. आता सांग, थांबताना रांजणाला कोण फिरवतं?”

“कुणीच नाही. तो आधीच फिरत असतो.” ती थबकली. “म्हणजे तो स्वतःच मोटरला फिरवतो?”

“त्याच्या वेगात ऊर्जा आहे. थांबायचं तर ती कुठेतरी टाकावी लागते. ती मोटरमधून वीज होऊन नियंत्रकाकडे उलटी येते. तिथे संधारित्र (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) आहे. ती एक टाकी समज. पुरवठ्याकडून टाकीत यायचं दार आहे, पण ते एकाच बाजूला उघडतं. परत जायला वाट नाही. टाकी काठोकाठ भरते. फुटण्याआधी नियंत्रक हात वर करतो.”

“म्हणजे तो घाबरट नाही, शहाणा आहे.”

“बहुधा,” अच्युतराव म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “पण हे तर यंत्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी काही सोय केली असेलच. दत्ताराम, थांबायला किती वेळ ठेवलाय?”

“अर्धं मिनिट,” दत्ताराम ऐटीत म्हणाले. “कारखान्याने तीन मिनिटं दिली होती, पण ती पृथ्वीची. इथं वजन सहावा हिस्सा, म्हणून मी वेळही सहावा हिस्सा केला. लोक खोळंबायला नकोत.”

 अच्युतरावांनी संकोचत बोट दाखवलं. “तुमची बरगडी अजून दुखतेय का?”

“दुखतेय की.”

“माझं वजन इथे सहावा हिस्सा. मग धडक का नाही सहावा हिस्सा झाली?”

दत्ताराम चोळता चोळता थांबले.

“वजन म्हणजे चंद्र आपल्याला खाली किती ओढतो ते. वस्तुमान म्हणजे आपल्यात मुळात ऐवज किती, ते. तो कुठेही गेलात तरी तेवढाच. उचलताना वजन आडवं येतं, थांबवताना वस्तुमान. हे कपडे इथे उचलायला हलके आहेत, पण फिरताना थांबवायला पृथ्वीवर होते तितकेच जड.”

“म्हणजे बाबा,” शाल्मली म्हणाली, “रांजण नाही बिघडला. तुमचं गणित बिघडलं.”

“गणित बरोबर होतं,” दत्ताराम पुटपुटले. “नको तिथं केलं, एवढंच.”

रांजण थांबल्यावर त्यांनी पुन्हा तीन मिनिटं लावली. आता वीज थोडी थोडी परत येईल आणि घर्षणात, मोटरच्या उष्णतेत जिरेल, असं अच्युतरावांनी सांगितलं. मग तोच भार, तोच वेग. शाल्मलीने बटण दाबलं आणि बाबांचा हात धरला. काटा थोडा वर सरकला, हिरव्या पट्ट्याच्या कडेला थरथरला आणि तिथेच राहिला. रांजण मंद झाला, आणखी मंद झाला, उभा राहिला. खट्कन झाकण उघडलं.

पहिले कपडे प्रमुखांचे निघाले. विजार चढवून त्यांनी यानाच्या कप्तानाला निरोप धाडला, की रांजणासाठी ठेवलेली जागा रिकामीच ने.

“चला, आता मला उत्तर लिहायला नको,” निघताना अच्युतराव म्हणाले.

“का? मी पत्र लिहिलंय,” शाल्मली म्हणाली.

घरी येऊन ते लिहायला बसले. दिवा कसा लुकलुकला, टाकी का भरली, सगळं ओळीने लिहिलं. शेवटी लिहिलं: “थांबताना परत येणारी वीज वाया घालवायची गरज नाही. तिच्यासाठी रोधक (विजेची उष्णता करणारी तार) बसवला तर धुण्याचं पाणी फुकट तापेल आणि रांजण लवकरही थांबेल. पुढे कधी तीच वीज वस्तीचे दिवे लावील. तो रोधक किती मोठा हवा, हे तू आणि बाबा मिळून काढा. मी तपासून देईन. तू इथेच राहणार आहेस, तेव्हा घाई नाही.”

त्यांनी डबी नळीत सोडली. त्याच क्षणी त्यांना वाटलं, ‘घर्षणात’ हा शब्द चुकीचा तर लिहिला नाही? त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. डबी कधीच गेली होती.