आईच्या आवाजाचं बटन

टीना, मधात बोलू नोको. फक्त आयक.

खोटं वाटन तुले. पन हे माह्या घरीच झालं, शहापूरले. होळीच्या आधीचा सोमवार, दुपारचे अडीच. रातची नाई, भर उजेडातली गोष्ट आहे.

तुले माहीत आहे, आमच्या आईले आयकू येत नाई. बाजारातली मशीन तिच्या कानात नुसती शिट्टी मारे. म्हनून भुपेंद्र दादानं जुन्या कॉम्प्युटरले माईक अन् साउंड कार्ड जोडलं. आपन माईकमध्ये बोलाचं, आईनं हेडफोन लावाचा. कार्डाचा ड्रायव्हर, म्हनजे कार्ड चालवनारा प्रोग्राम, त्यानं सोता लिहिला. कर्नलचा. म्हनजे कॉम्प्युटरच्या पार आतला, जिथं एक चूक झाली का सगळंच ठप्प.

त्यात आवाज वाढवाचं, स्क्रीनवरचं बटन बनवलं. नाव ठेवलं 'ललिताबाई'. आई म्हने, मेल्या, मायले आता नावानं हाक मारतोस काय.

रोज सकाळी तो बटन हळूहळू वाढवे. वीस… तीस… चाळीस… अन् इचारे, "आता येते काय?"

बासष्टवर आई म्हने, "हो. आता येते."

भादव्यात दादा तापानं गेला.

मग माईकवर मी बोले. पन त्याचं एक काम राहूनच गेलं होतं. वायर जरा हालली का कॉम्प्युटर अटके. कार्ड निघे, पन बटन कोनता तरी प्रोग्राम धरून असे. अन् दादाचा ड्रायव्हर ते बटन तसंच पुसून टाके. मग बस, सगळं बंद. आई कानाले हेडफोन लावून वाट पाहात बसे.

हे कसं सुधरवाचं ते दादानंच मले सांगितलं होतं. तलावावर, जाळं ओढताना. पल्याडच्यानं दोर सोडला नसन त ओढू नोको, त्याचा हात कापते. आधी आवाज दे. मग थांब. त्यानं सोडला का मगच गुंडाळ.

मी तसंच लिहिलं. आधी सगळ्या प्रोग्रामाइले सांगाचं, कार्ड निघून राहिलं. मग थांबाचं. धरनारे शून्य झाले का मगच बटन पुसाचं.

त्या दिवशी आई मागच्या आंगनात मासोळ्या वाळू घालून राहिली होती. हेडफोन टेबलावर. मी सगळे प्रोग्राम बंद केले. जमलं का ते पाहाले वायर मुद्दाम उपसली. कार्ड माह्या हातात होतं.

स्क्रीनवर आलं… धरनारे: १.

यादी पाहिली. कोनताच प्रोग्राम नाई. परत पाहिली.

१.

मले वाटलं, माहीच चूक. तेवढ्यात खाली एक ओळ आली. बटन हाललं का लिहून दाखव, असं मीच त्यात टाकलं होतं.

ललिताबाई: २०.

माऊसवर माहा हात नव्हता, टीना.

३०…

४०…

मग जरा थांबलं. दादा थांबे ना, तसंच.

६२.

अन् आंगनातून आईचा आवाज आला.

"हो. आता येते."

मी धावत गेली. आईच्या कानावर काहीच नव्हतं. हात मासोळ्याइत तसेच. हसून राहिली होती. सहा महिन्यात पहिल्यांदा.

"जेवली रे मी," म्हने. "तू जेवलास काय?"

मी तिचा दंड धरला. कानापाशी ओरडली, आई, मी दामिनी.

तिनं मान बी नाई वळवली.

आज नववा दिवस. कॉम्प्युटर तसाच थांबून आहे. धरनारे: १. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याबिगर ड्रायव्हर पुन्हा चढत नाई. अन् तो चढल्याबिगर माहा आवाज आईपर्यंत जात नाई. नऊ दिवसात तिनं माहा एक शब्द नाई आयकला. भांडे घासते, हसते, त्याच्याशी बोलते. काल त्याले इचारून राहिली होती, कालवनात तिखट जास्त झालं काय.

लाईट गेली का मीच जाऊन इन्व्हर्टरपाशी बसते. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हनून. अन् मीच तीनदा कॉम्प्युटरच्या बटनावर बोट ठेवलं.

दाबलं नाई.

मी आवाज देल्ला. थांबली बी. पन दोर कोनी सोडूनच नाई राहिलं. अन् धरून कोन आहे, दादा का आई, हे बी मले कळून नाई राहिलं.

तूच सांग, टीना. माह्या जागी तू असती, त ओढला असता काय?