गाळलेला कोरस

हे सगळंच ऐकीव नाही. शेवटच्या प्रसंगाला मी स्वतः हजर होतो. त्याआधीचं अनीशने एकदा सांगितलं आणि त्याच्या बायकोने, अनुयाने, त्याच्या माघारी एकदा. दोघांच्या सांगण्यात तसूभरही फरक नव्हता.

जागा चौलजवळची. गेल्या जानेवारीतली संध्याकाळ. अमावास्या वगैरे काही नव्हती… साधा शनिवार होता.

अनीश माझा आतेभाऊ. घरची चौलला नारळ-सुपारीची वाडी, पण हा मुंबईत. पाश्चात्य संगीतातला. त्याचं काम आमच्या नातेवाइकांना कधी समजलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. चर्चमध्ये गाण्यासाठी लिहिलेल्या प्रचंड रचना असतात. शंभर-दीडशे गायक, वाजवणारेही तसेच ढीगभर. एवढी माणसं आपल्याकडे आणायची कुठून? मग अनीश ती रचना मूठभर गायक आणि दहा-पंधरा वादकांत बसवून द्यायचा. हॉर्नचं काम व्हायोलाला, बासूनचं चेलोला. कुठला सूर जोडायचा, कुठला सोडायचा, हे त्याला अचूक कळायचं. कामात हुशार, यात वाद नाही.

पण माणूस म्हणून…

समोरच्याला तो खिजगणतीतच धरायचा नाही. कुणी काही बोललं की नाकातून छोटासा श्वास सोडायचा. "हं!" बस. तेवढ्यात तुमची किंमत झालेली असायची. ज्यांनी मूळ रचना लिहिल्या त्यांनाही सोडायचा नाही. "चरबी आहे नुसती," म्हणायचा. "मी कापतो तेव्हा कुठे आत गाणं सापडतं."

रेवदंड्याकडे रिसॉर्ट चालवणाऱ्या मितेशने त्याला कार्यक्रमासाठी बोलावलं. मितेशचं घराणं ट्रकच्या धंद्यातलं, याला हौस गाण्याबजावण्याची. वाड्यांच्या मागे पोर्तुगीज काळातलं एक पडकं चर्च आहे. छप्पर केव्हाच गेलं, भिंती तेवढ्या उभ्या. तिथे गायचं ठरलं. अनीशने निवडली मृतांसाठी म्हणायची एक लॅटिन प्रार्थना. मूळ रचनेत दोन कोरस, म्हणजे गायकांचे दोन ताफे आहेत. समोरचा कोरस मेलेल्यांसाठी शांती मागतो. दुसरा लांब, उंचावर उभा राहतो… आणि मेलेल्यांच्या वतीने उत्तर देतो.

अनीशने दुसरा कोरस गाळला. पूर्ण.

अनुया त्याच कार्यक्रमात चेलो वाजवणार होती. कागद हातात आल्यावर ती म्हणाली, "अरे, विचारणारे ठेवलेस आणि उत्तर देणारे काढलेस?"

"तेच सूर आहेत, अनुया. पुन्हा पुन्हा कशाला?"

"सूर तेच असतील. म्हणणारे तेच आहेत का?"

"ऐकणार कोण आहे? मितेशचे पाहुणे. त्यांना कोलंबी गरम मिळाली की झालं."

आदल्या दिवशी, भरदुपारी तालीम सुरू झाली. ऊन लख्ख होतं. काही गायक मुंबईहून आलेले, काही खाडीपलीकडच्या ख्रिस्ती गावातले. अनीशने पहिल्याच ओळीला सगळ्यांना थांबवलं.

"रोजालिनबाई, हे चर्च आहे, मासळीबाजार नाही. हळू."

रोजालिनबाई साठीच्या. त्यांनी मान खाली घातली. 

पुन्हा सुरुवात झाली. पहिलं मागणं गाऊन झालं. अनीशने पुढच्या ओळीसाठी हात उचलला…

आणि उत्तर आलं.

वेदीमागच्या भिंतीवरून. खूप वरून, जिथे आता नुसतं आभाळ होतं.

अनीशला आधी प्रतिध्वनी वाटला. पण प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो. हे शब्द वेगळे होते. त्याने गाळलेले.

"मितेश, स्पीकर बंद कर!"

मितेश दारात उभा होता. "सर, स्पीकर अजून गाडीतच हाय. खाली उतरवलाच न्हाय."

अनीश तरातरा भिंतीमागे गेला. तिथे वाडी होती. सुकलेल्या झावळ्या, पाण्याचा पाट, बांधलेली एक म्हैस. कुणीही नव्हतं. म्हैस मात्र रवंथ सोडून उभी होती. मान वर करून.

परत येऊन त्याने तीच ओळ पुन्हा घ्यायला लावली. "काही नाही, वारा आहे. चला."

या वेळी आलेलं उत्तर निराळं होतं…

आता अनीशचीच ओळ गायली गेली. त्याने कापून, बारीक करून बसवलेली. अगदी तशीच, पण मुद्दाम लांबवत. बोबड्या मुलाला चिडवताना त्याचेच शब्द त्याला म्हणून दाखवावेत, तशी.

ओळ संपली.

आणि वरून, असंख्य माणसांनी एकदम नाकातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

"हं!"

अनुयाच्या हातातला चेलोचा गज खाली पडला. रोजालिनबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्या चपला शोधू लागल्या. अनीश मात्र लालबुंद झाला होता. घाबरून नव्हे. त्याच्या आयुष्यात त्याची अशी किंमत कुणी केली नव्हती.

संध्याकाळी अनुयाने हात जोडले. "उत्तर परत घाल. निम्मे गायक आपण तिकडे उभे करू. अजून वेळ आहे."

"भिंतीला घाबरून मी स्वरलेखन बदलू? उद्या मला विचारतील, कुणी दुरुस्त केलं? काय सांगू, म्हशीने?"

त्याने काहीही बदललं नाही. उलट मागण्यातल्याही आणखी दोन ओळी छाटल्या.

शनिवारी कार्यक्रम झाला. उन्हं कलली होती. खुर्च्या भरलेल्या. रोजालिनबाईही आल्या होत्या, का ते त्यांनाच माहीत.

पहिलं मागणं संपलं. अनीशने हात वरच धरला. कान टवकारले.

काहीच नाही.

वारासुद्धा नाही.

तो मनातल्या मनात हसला. पुढची ओळ सुरू करायची खूण केली, पण कुणी गाईना. गायक नुसते उभे. व्हायोलिनवाल्याने डोळे मिटलेले. अनुयाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अनीशने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा खूण केली. बऱ्याच वेळाने ते गायले. पुढच्या मागण्यानंतर परत तेच. प्रत्येक वेळी ती लांबच लांब शांतता… आणि अडाण्यांसारखी थांबलेली सगळी माणसं.

संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. पडत राहिल्या. अनीश वळला, कमरेत वाकला आणि त्याने लोकांकडे पाहिलं.

एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना वर होत्या. वेदीमागच्या भिंतीकडे.

मितेश धावत आला. "सर, एकदम कडक! आपले खालचे जरा कच्चे वाटले, पन ती वरची मंडळी… काय आवाज! सांगितलं न्हायत तुम्ही. उभी कुठं केली व्हती? तिथं तर पाय ठेवायला जागा न्हाय."



गाडीत बसल्यावर अनुयाने विचारलं, "तुला खरंच काही ऐकू आलं नाही?"

"नाही."

"काहीच?"

त्याने गाडी सुरू केली. हे सांगताना अनुया मला म्हणाली, "आदल्या दिवशी त्यांनी त्याला निदान हिणवलं तरी होतं. त्या दिवशी तेवढ्यालाही लायक धरलं नाही."

लोकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ मी पाहिलेत. शांततेच्या जागी शांतताच आहे. पण माना वर आहेत. सगळ्यांच्या, एकाच वेळी.

नंतर त्याने कान तपासून घेतले; डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. समोरासमोर बोललेलं त्याला नीट ऐकू येतं. फोनवर येतं. अनीशने काम मात्र सोडलं. का, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

गणपतीत तो चौलला आला. दुपारची आरती होती, घर माणसांनी भरलेलं. आत्याने निरांजन उचललं, टाळ वाजायला लागले आणि आरती सुरू झाली. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे एका सुरात. मी त्याच्या शेजारी उभा होतो, घसा फोडून म्हणत होतो.

त्याने टाळ्या वाजवायला हात वर घेतले. थोडा थांबला. मग वैतागून म्हणाला, "सुरू करा की. कशाची वाट बघताय?"

आम्ही दुसऱ्या कडव्यात होतो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आत्याच्या. मग एकेकाच्या. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला…

"तुम्ही सगळे," त्याने अगदी हळू विचारलं, "असे तोंडं उघडून का उभे आहात?"

आरती मध्येच सोडायची नसते. आम्ही ती शेवटपर्यंत म्हटली. कुणीही कुणाकडे न बघता.