वनमालामॅडमचं ‘नका’

रोजच्या वेळेला वीज गेली, माइक बंद पडला, आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीतून वनमालामॅडमचा आवाज आला.

“देवश्री... हे वाचू नका.”

मॅडम गेल्या उन्हाळ्यातच वारल्या होत्या. व्यासपीठावर उभ्या देवश्रीच्या हातातून कागद सुटले. समोरची विद्वान मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली.

शिपाई बंडप्पानं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. मॅडमची रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर अजून टांगलेली त्यांची शाल आणि भिंतभर पुस्तकं.

“म्या आत येनार न्हाय,” बंडप्पा उंबऱ्यातूनच म्हणाला. “म्याडमचा जीव अडकलाय हितं.”

धाराशिवच्या त्या विद्यापीठ केंद्रात ‘स्वच्छंदतावादी काळातील इंग्रजी कादंबरी आणि समाजजीवन’ या विषयावर चर्चासत्र चाललं होतं. देवश्री तुळजापूरची, मॅडमची लाडकी विद्यार्थिनी. आपल्या प्रबंधाचं सगळ्यात मोलाचं प्रकरण ती आज पहिल्यांदा मांडणार होती. इथं वाचलेले निबंधच पुस्तकात छापले जाणार होते. आजची संधी गेली आणि दुसऱ्या कुणी तेच आधी छापलं, तर उद्या तिचाच प्रबंध चोरीचा ठरला असता.

“पोरी, तू आज आराम कर,” विभागप्रमुख कृष्णराजसर मायेनं म्हणाले. मॅडमनंतर तेच तिचे मार्गदर्शक झाले होते. “तुझा वेळ मी भरून काढतो. माझा निबंध तयारच आहे.”

देवश्रीनं मान हलवली. “मॅडम नको म्हणाल्या. नाही वाचत मी.”

“थांबा!” मागच्या रांगेतून गिरिजाबाई उठल्या. मुरुमच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या या बाई जुन्या कादंबऱ्यांच्या वेडापायी इथं आल्या होत्या. भुतापेक्षा चुकीच्या वेलांटीला जास्त भिणाऱ्या.

त्या सरळ खोलीत शिरल्या. एकेका कप्प्यातल्या पुस्तकांमागं हात घालत गेल्या आणि मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर घेऊन बाहेर आल्या.

“भुताला बॅटरी लागते तर! बंडप्पा, ही खोली कुणासाठी उघडली होती?”

“काल अनिरुद्ध अन् सर आलते. प्रदर्शनाला पुस्तकं न्यायला.”

सगळ्यांच्या नजरा अनिरुद्धकडं वळल्या. हा नवा संशोधक विद्यार्थी. सभागृहातले माइक तोच सांभाळत होता.

“तुझा का रे हा?”

“नाही बाई. मी दिवाळीनंतर आलो इथं. मॅडमचा आवाजच मी आज पहिल्यांदा ऐकला.”

“याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?” कृष्णराजसर म्हणाले. “आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज करता येतो.”

“करता येतो खरा,” गिरिजाबाई म्हणाल्या आणि देवश्रीशेजारी येऊन बसल्या. “मला सांग, मॅडम तुला काय म्हणायच्या? तू की तुम्ही?”

“तू. कायम तू. रागावल्या तर ‘अगं भवाने’.”

“तुम्ही कधीच नाही? आठवून बघ.”

“एकदाच. मी संशोधनाचा आराखडा मांडला तेव्हा. ऑनलाइन होतं ते. बाहेरचे परीक्षक होते, म्हणून मॅडम अहोजाहो करत होत्या. मी कागदात बघूनच वाचत होते, तर म्हणाल्या, ‘देवश्री, हे वाचू नका. तुमच्या शब्दांत सांगा.’”



“त्याचं रेकॉर्डिंग कुणी केलं होतं?”

“सरांनी,” देवश्री म्हणाली. ती कृष्णराजसरांकडं बघत राहिली.

गिरिजाबाईंनी स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. मग कार्यक्रमपत्रिकेवरचा सरांचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावला. फोन सरांच्या खिशात होता. रिंग टेबलावरच्या स्पीकरमधून वाजली.

“खऱ्या मॅडम असत्या तर ‘वाचू नकोस’ म्हणाल्या असत्या,” गिरिजाबाई सांगू लागल्या. “मेलं म्हणून माणूस आपल्या पोरीला परकं करत नाही. ते ‘नका’ ऐकलं तेव्हाच मला कळलं, हे बोलणं चारचौघांतलं आहे, कुठून तरी कापून आणलंय. वीज या वेळेला रोज जाते. तेवढी गाठून खिशातल्या फोनवरून आवाज लावला की झालं. राहिलं ते कशासाठी. देवश्री, जुन्या कादंबऱ्यांतलं भूत नेमकं वारस मुलीलाच का दिसतं?”

“ती भिऊन गेली की इस्टेट चुलत्याला मिळते म्हणून.”

“इथली इस्टेट म्हणजे तुझं प्रकरण. अन् चुलता कोण? ज्याचा निबंध तयारच आहे तो.”

देवश्रीनं सरांच्या हातातला निबंध ओढून घेतला. पहिलंच वाक्य तिचं होतं, स्वल्पविरामासकट.

कृष्णराजसरांचा चेहरा उतरला. “चुकलो मी. हे... हे आत्ता पुसून टाकतो.” त्यांनी घाईनं फोन काढला.

“पुसू नका!” देवश्रीनं त्यांचं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “मॅडमचा आवाज माझ्याकडं कुठंच नाही, सर. आधी तो मला पाठवा. तुमच्या चोरीचं काय करायचं ते मग सगळ्यांसमोर ठरवू.”

सरांनी मुकाट्यानं फाईल पाठवली. देवश्रीनं फोन थोडा वेळ छातीशी धरला आणि ती व्यासपीठावर गेली. वीज अजून आली नव्हती. मागच्या रांगेपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं तिनं सुरुवात केली.