हात बघायचा, तोंड नाही

पठारावरून ट्रेलर खाली आणायचा, एवढंच काम होतं. सकाळी निघायचं, ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लावायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. असल्या कामाला निघताना माणूस पाण्याची बाटली घेतो, फार तर एक स्वेटर. मास्तरांनी मात्र आदल्या दिवशी घरातल्या कुंड्या शेजारणीकडे पोचवल्या, फ्रिज रिकामा करून आतून पुसला, गॅसची टाकी बंद केली आणि मांजर शेजारणीच्या मुलीला देऊन टाकलं.

मांजरामुळेच बिंग फुटलं. शेजारणीने मास्तरांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. "मास्तर कुठे लांब चाललेत का हो? मांजराची वाटीसुद्धा देऊन टाकली." ही बहीण जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली आणि स्वतः मात्र बाजारातून घरी येताना रस्ता चुकायची. पण आपलं माणूस कुठल्या दिशेला निघालंय, हे कळायला तिला नकाशा लागत नसे. दुसऱ्या दिवशी मास्तर फाटकातून गाडी बाहेर काढतात, तर ही बाई पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर.

"तू कुठे निघालीस?"

"तू जाशील तिथे."

"रस्ता वाईट आहे. हाडं खिळखिळी होतील."

"ती झालेलीच आहेत. चल तू."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांची गाडी शिकवायची संस्था होती. गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. "गावात अपघात झाला की निम्म्या वेळा माझाच विद्यार्थी असतो," असं ते सांगत, आणि त्यात थोडा अभिमानही असे. पण डांबर संपून दगडधोंड्यांचा रस्ता लागला की मास्तरांची सगळी विद्या एका बाईच्या हातात जायची. ती बाई म्हणजे त्यांची बायको. तिने स्वतः स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. घरात ओरडणारा ड्रायव्हर एकच पुरे, असं तिचं म्हणणं.

दोघांची रीत ठरलेली होती. वाट बिकट झाली की ती खाली उतरायची, भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे चढवायची आणि गाडीकडे तोंड करून तिच्यापुढे मागे मागे सरत चालायची. धुळीत, धुक्यात पिवळा रंग लांबून दिसतो. दोन्ही हात स्वतःकडे ओढले की ये. एक हात बाजूला गेला की चाक त्या बाजूला. उभा तळवा म्हणजे थांब. आणि तो तळवा खाली येईपर्यंत गाडी तसूभरही हलवायची नाही, मागून प्रलय आला तरी. आणखी एक अट होती. "माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड दिसलं की तुम्ही वाद घालायला लागता. हात बघायचा." मास्तरांनी ती अट सप्तपदीहून निष्ठेने पाळली.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. आजारबिजार काही नाही. एका सकाळी मास्तर चहा करायला उठले आणि चहा होईपर्यंत ती गेलेली होती. तेव्हापासून मास्तर जेवत होते, दाढी करत होते, कुणी विचारलं तर बोलतही होते. लांब राहणारा मुलगा फोनवर "बाबा, जेवलात का?" असं विचारायचा आणि "हो" ऐकून निश्चिंत व्हायचा. माणूस जिवंत आहे की नाही, याची चौकशी लोक साधारण एवढ्यावरच आटोपतात. पठारावरचा त्यांचा ट्रेलर, म्हणजे दोघांची चाकांवरची खोली, तिथेच पडून होता. आता जागेच्या मालकाने तो हलवायला सांगितला होता.

डांबर संपलं तिथे मास्तर उतरले आणि चाकांतली थोडी थोडी हवा सोडू लागले.

"हे काय करतोस? पंक्चर?"

"हवा कमी केली की चाक पसरतं. जमीन धरून ठेवतं."

"माणसाचंही तसंच असतं म्हणे," बहीण म्हणाली. "पण तू कधी हवा कमी केली नाहीस."

मास्तर हसले नाहीत. एरवी हसले असते.

पठारावर ऊन होतं. ट्रेलरचं दार उघडलं, तसा आतून कोंडलेला वास आला. ओल्या लोकरीचा, साबणाचा, आणि त्याखाली आणखी एक, तिच्या केसांचा. मास्तर दारातच जरा थांबले आणि मग एखाद्या परक्याच्या घरात शिरावं तसे आत गेले. सामान बांधायला सुरुवात झाली. बहिणीने पाण्याचा कॅन मागच्या कोपऱ्यात ठेवला, तो त्यांनी उचलून पुढे आणला.

"जड ते पुढे. मागे वजन गेलं की उतारावर ट्रेलर झुलायला लागतो. मग गाडी तो चालवतो, आपण नाही. आणि झुलायला लागला तर घाबरून ब्रेक मारायचा नाही. पाय काढायचा, हात सरळ ठेवायचे, आपोआप थांबतो."

"मला कशाला शिकवतोस? मी थोडीच चालवणार आहे?"

मास्तरांनी कॅन दोरीने बांधला. बहिणीच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

"दादा, मांजर का दिलंस?"

"त्याला माझा कंटाळा आला होता."

"मांजराला?"

"हो."

"खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही. वहिनी म्हणायचीच." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "ऐक. आपण दोघं वर आलोय, दोघंच खाली जाणार आहोत. दोघंही. कळलं?"

मास्तर बायकोच्या बिछान्याच्या कडेवर बसले होते. त्यांनी चादरीवरून एकदा हात फिरवला. "हुकाच्या दोन्ही साखळ्या लाव," ते म्हणाले. "एकमेकींवरून आडव्या टाकून. ट्रेलर सुटला तर तेवढ्याच धरतात."

निघेपर्यंत दरीतून धुकं वर आलं होतं. आधी झाडं गेली, मग कडा गेल्या, मग गाडीचं नाकसुद्धा पुसट झालं. मास्तरांनी खालचा गिअर टाकला. इंजिन घशात गुरगुरत गाडीला उतारावर धरून ठेवत होतं. ब्रेकला पाय नाही, घाई नाही. मागे ट्रेलर कुरकुरत होता, साखळी मधूनच दगडावर आपटत होती. ठण्... ठण्... काचेतून ओल्या मातीचा वास येत होता. बहीण दोन्ही हातांनी वरचा दांडा पकडून बसली होती आणि तोंडाने काही बोलत नव्हती, ही गोष्टसुद्धा धुक्याइतकीच नवलाची.

उतारावर एक वळण होतं. वाट तिथे कातळाला चिकटून उजवीकडे वळते. डावीकडे दरी, तळाशी ओढा. याच जागी बायको नेहमी उतरायची. मास्तरांनी गाडी थांबवली.

"मी उतरून पुढे होऊ का?" बहिणीने विचारलं.

"नको. तुला खुणा येत नाहीत. डावं-उजवं तर त्याहून येत नाही."

तेवढ्यात मागून साखळी खरखरत ओढल्यासारखी वाजली. गाडी तर उभी होती.

"सुटली की काय ती?" बहीण म्हणाली. "मी बघून येते. तू ब्रेक दाबून बस. हलू नकोस हं, दादा."

दार लागलं. आरशात तिची शाल दोन पावलं दिसली आणि धुक्यात विरली. मग काही नाही. इंजिनाचं गुरगुरणं, आणि खूप खाली ओढा.

मास्तरांनी समोर बघितलं. धुक्यात दोन हात होते.

त्यांना आधी वाटलं, ही बया फिरून पुढे आली वाटतं. मग रंग दिसला. पिवळा. दोन्ही हात हळू वर आले आणि स्वतःकडे ओढले गेले. ये.

ते हातमोजे घरी होते, ओट्याखालच्या फडताळात. मास्तरांना हे ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला. भीती वाटली का? नाही वाटली. वर्षभर छातीवर जे दगडासारखं बसलं होतं ते एकदम हलकं झालं, आणि डोळे भरून आले. गाडी सरकली. डावीकडचा हात बाजूला गेला. डावीकडे घे. वाट उजवीकडे वळते, हे मास्तरांना झोपेतही सांगता आलं असतं. पण रीत ती रीत. हात म्हणतो ते खरं. त्यांनी चाक डावीकडे घेतलं.

ओढ्याचा आवाज मोठा झाला. चाकाखालची वाळू सुटून खाली गेली, आणि ती कुठे पडली ते ऐकू आलं नाही. हात जिथे होते तिथे रस्ता नव्हता. तिथे काहीच नव्हतं. मास्तरांना ते समजलं, अगदी नीट समजलं. "येतो," ते पुटपुटले. "आलोच..."

आणि गाडी जड झाली.

मागून कुणी दोर लावून ओढावं तशी. इंजिन घरघरलं, चाकं जागच्या जागी माती उकरू लागली, पण उतार असूनही गाडी पुढे जाईना. मागून बहिणीची किंकाळी आली. समोरचे हात थबकले. मग पुन्हा हलले. ये. ये. ये, ये, ये... बोटं आकसत होती, हवा ओरबाडल्यासारखी.

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांच्या बायकोने सबंध संसारात त्यांना कशाची घाई केली नव्हती. एक खूण ती एकदाच करायची, आणि कळेपर्यंत थांबायची.

त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

खिडकीवर थाप पडली. बहीण होती. ओठ पांढरे पडलेले. "मागे घे... दादा, मागे घे. हळू. मी सांगते तसं."

"तू?"

"ती सांगते तसं... घे रे मागे!"

ट्रेलर लावलेली गाडी मागे घेणं म्हणजे उफराटं काम. ट्रेलर डावीकडे जायला हवा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. डावं-उजवं न कळणाऱ्या बाईने धुक्यातून एकेक शब्द ओरडून सांगितला, आणि त्यातला एकही चुकला नाही. पुढचं डावं चाक कड्यावर थांबलं तेव्हा त्याचा अर्धा भाग हवेत होता, हे मास्तरांनी नंतर मातीवरच्या खुणेत बघितलं. गाडी वाटेवर परतली तेव्हा समोर फक्त धुकं उरलं होतं.

डांबर लागलं. उताराच्या पायथ्याशी पेट्रोल पंप होता. खाली ऊन होतं, पंपावरचा माणूस रेडिओ ऐकत होता. मास्तर चाकांत पुन्हा हवा भरायला बसले. हवेची नळी चाकाच्या तोंडाला बसेना. बहिणीने येऊन ती धरली.

"मागे कोण होतं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तुला माहीत आहे."

"तू सांग."

"वहिनी." बहिणीचा आवाज फुटला. "ट्रेलरचा मागचा दांडा धरून ओढत होती. टाचा मातीत रुतवून. एवढीशी ती... मी पण धरला मग. काय करणार होते?"

"हातात काय होतं तिच्या?"

"काही नाही. उघडे हात. नखं तुटलेली, दादा."

मास्तरांनी मान खाली घातली. वर्षभर तिची वाट बघितली, आणि ती आली तेव्हा त्यांची पाठ होती तिच्याकडे. हवेचा फुसफुस आवाज बराच वेळ येत राहिला. चाक केव्हाच भरलं होतं.

"पुढे कोण होतं, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. मग लहान मुलासारखं विचारलं, "ती माझ्याकडे बघत होती का गं?"

बहिणीने खोटं बोलायचा विचार केला असावा. पण खोटं बोलणं त्या घरात कुणालाच जमत नसे.

"नाही रे. तुझ्याकडे नाही. तुझ्यापुढे, तिकडे. आणि सारखी मान हलवत होती. नको... नको... अशी. अनोळखी माणसाला कुणी असं 'नको' म्हणत नाही. त्याला आधीही कधी म्हटलेलं असावं, तसं."

ती पंपावरच्या माणसाशी बोलायला गेली. मास्तर चाकाशेजारी तसेच उकिडवे बसून राहिले.

एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायको गेली त्या सकाळी ते चहा घेऊन खोलीच्या दारात आले तेव्हा ती बिछान्यात उठून बसली होती, आणि तिचा उजवा तळवा दाराकडे ताठ उभा होता. थांब. मास्तर थांबले. रीत ती रीत. कप हातात घेऊन उंबऱ्यावर उभे राहिले, तळवा खाली येईपर्यंत. तो खाली आला तेव्हा ती गेलेली होती. शेवटच्या क्षणी तिने आपल्याला जवळ येऊ दिलं नाही, हे वर्षभर त्यांना आतून खात होतं. मांजर दिलं, गॅस बंद केला, ते त्यापायीच.

आता त्यांना वेगळंच आठवत होतं. उंबऱ्यावर उभे असताना पाठीला गार लागलं होतं. मागचा बोळ अंधारा होता. आणि तळवा रोखलेला होता त्यांच्या खांद्याच्या जरा वरून, मागे.

"चल दादा," बहीण हाक मारत होती. "घरी चल."

ती त्या वेळी कुणाकडे बघत होती, हे मास्तरांना सांगता आलं नसतं. त्यांनी त्या दिवशीही फक्त हात बघितला होता.