सपाट मान

खोटं वाटेल, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत, भर दुपारी, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं आणि मग दुपारची झोप काढून दाखवावी.

मामा फुटक्या मूर्ती जोडतात. जोड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नाही, असा त्यांचा हात. "जगाचं फुटलेलं जोडतात, घरातल्या कपाचा कान मात्र वर्षभर तसाच पडलाय," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

त्यांच्याकडे जुन्या मूर्तींचा एक दलाल यायचा. मामीने त्याचं नाव ठेवलं होतं गोडबोल्या. त्या उन्हाळ्यात तो गोणपाटात गुंडाळून एक दगडी डोकं घेऊन आला. बाईचं. डोळे मिटलेले, एका कानाची पाळी झिजलेली.

मानेखालचा दगड मात्र ताजा फुटलेला होता.

"मास्तर, एवढं खालून सपाट करून द्या," गोडबोल्या म्हणाला. "टेबलावर नीट बसायला हवं ना."

मामा काय ते समजले. फुटलेल्या दगडाचे दोन तुकडे एकमेकांत बरोबर बसतात. चोरीच्या मालाचा बऱ्याचदा तेवढाच पुरावा असतो. तो खडबडीत भाग घासून टाकला, की हे डोकं कुठल्या धडाचं ते कोणी सांगू शकत नाही.

समजले, आणि तरीही ग्राइंडर उचलला.

संध्याकाळपर्यंत मान गुळगुळीत झाली. गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून डोकं कारखान्यातच राहिलं. टेबलावर आडवं, फडक्याखाली.

काही दिवसांनी संग्रहालयातल्या बाई आल्या. जुन्या वस्तूंच्या चोऱ्यांचा तपास त्यांच्याकडे होता. त्यांनी मामांसमोर प्लॅस्टरचा एक छाप ठेवला. एका मूर्तीच्या धडावर उरलेल्या तुटक्या मानेचा, जसाच्या तसा.

"याचं डोकं चोरीला गेलंय. तुमच्याकडे असं काही आलं होतं का?"

मामा हातातली छिन्नी पुसू लागले.

"एक आंधळी आजी त्या मूर्तीची राखण करायची," बाई सांगत होत्या. "मूर्ती उंच. आजीचा हात गुडघ्यापर्यंतच पोहोचायचा. चेहरा कसा आहे ते तिला कधी कळलंच नाही. चोरांनी मूर्ती आडवी पाडून डोकं तोडलं. मग आजी त्या तुटक्या मानेवर हात ठेवून बसायची. दिवसभर चाचपत राहायची. गेली तेव्हाही हात तिथेच होता."

मामांनी छापाकडे पाहिलं. त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. त्या खड्ड्यांत बसणारे उंचवटे त्यांनीच घासून टाकले होते.

हात लांब केला असता तर फडक्याला लागला असता.

"नाही बुवा. आठवत नाही," मामा म्हणाले.

बाई गेल्या. मामा स्टुलावर बसून राहिले. बाहेर भर दुपारचा रस्ता सुनसान. तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला.

आणि मागून आवाज आला...

खस्स... खस्स...

कोरडा हात भिंतीवरून फिरावा तसा.

मामांनी मान वळवली. कोणीच नव्हतं.

पावलं वाजत नव्हती. श्वास ऐकू येत नव्हता. फक्त तो हात. भिंतीवरून फळीवर आला... फळीवरून टेबलावर...

टेबलावरच्या दगडाच्या भुकटीत चार रेघा उमटत गेल्या. चार बोटांच्या.

फडकं सरकलं, खाली पडलं.

डोक्याच्या मानेपाशी आवाज थांबला. मग बोटं गोल फिरू लागली. सावकाश. एकदा... पुन्हा एकदा...

"हेच आहे, आजी," मामांच्या तोंडून निघालं. "हेच ते."

बोटं त्या सपाट दगडावर जरा वेळ थांबली.

मग पुढे गेली. शेजारच्या फुटक्या रांजणाकडे.

तिने ओळखलंच नव्हतं.

मामा तिथेच ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी डोकं घेऊन ते संग्रहालयात गेले आणि सगळं कबूल केलं. बाईंनी छाप मानेला लावून पाहिला.

"बसत नाही."

"कसा बसेल? मी घासलंय ना!"

"तुम्ही म्हणता तसंच असेल. पण आणलं कुठून?"

ते मामांना माहीत नव्हतं. गोडबोल्याचा फोन बंद, पत्ता खोटा.

"बिनडोक्याची धडं त्या भागात पुष्कळ आहेत, मास्तर. मी कोणत्या तोंडाने म्हणू की हे याचंच?"

"छाप बघून मान परत घडवून देतो. हुबेहूब."

बाईंनी छाप उचलून बाजूला ठेवला. "एकदा खोटं करून झालंय ना तुमचं?"

डोकं अजून तिथल्या गोदामात पडून आहे. मामांनी कारखाना बंद केला. पण हात थांबला नाही. तो घरी आला.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामी आत आडवी झाली होती. मामा समोरच्या खुर्चीत बसले होते.

त्यांच्या शर्टाची कॉलर हळूच खाली दुमडली... आपोआप.

मानेवरची कातडी दबली. जरा पुढे पुन्हा दबली...

मी ताडकन उठणार, तेवढ्यात मामांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"हलू नकोस," ते पुटपुटले. "मूर्तीचं डोकं शोधतेय ती. मध्येच अडलं की परत पहिल्यापासून सुरू करते."

मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने कॉलर सरळ झाली. मी सुटकेचा श्वास सोडला.

आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर आवाज आला...

खस्स...

मामा धडपडत उभे राहिले. "आजी, त्याला सोडा हो! त्याचा काही दोष नाही. मी केलंय ते, मी!"

थंड, खरखरीत बोटं माझ्या मानेला लागली, आणि सावकाश गोल फिरू लागली.